सात पेपरांतला एक सोडताना

आजच्या निरोप समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या विधी महाविद्यालयाच्या प्राचार्या आदरणीय डॉ. शामकला पटले मॅडम. कोर्टातली तारीख सांभाळून प्रमुख पाहुणे म्हणून आलेले ॲड. ओमेश बिसेन साहेब. व्यासपीठावर बसलेले आणि व्यासपीठावर जागा न पुरल्यामुळे पहिल्या रांगेत बसलेले सर्व प्राध्यापक. कार्यालयातील व वाचनालयातील कर्मचारी बंधुभगिनी. हा कार्यक्रम घडवून आणणारे पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी. आणि माझ्यासोबत आज निरोप घेणारे माझे सहाध्यायी, ज्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या वडिलांपेक्षा मी वयाने मोठा आहे. आपणा सर्वांना माझा नमस्कार आणि सविनय जय भीम.

सुरुवातीलाच एक दुरुस्ती करतो. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने माझी ओळख ‘झाडीपट्टी रंगभूमीचे ज्येष्ठ कलावंत’ अशी करून दिली. कानाला गोड लागले, पण नोंद चुकीची आहे. मी उदाराम कटरे, राहणार आमगाव, झाडीपट्टीच्या नाटकांत प्रॉम्प्टर आहे. कलावंत उजेडात उभा असतो. मी विंगेत स्टुलावर बसून संहिता वाचतो, आणि माझ्या तोंडून निघालेले वाक्य अर्ध्या श्वासाच्या अंतराने त्याच्या तोंडून निघते. दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरू लागली की नाटकांचा हंगाम लागतो. एकच नट आज एका गावात राजा, उद्या दुसऱ्या गावात पोलीस इन्स्पेक्टर. एवढी नाटके पाठ करणार कोण आणि कधी? म्हणून प्रॉम्प्टर. नट आला नाही तर त्याचे काम दुसऱ्यावर भागते. प्रॉम्प्टर आजारी पडला तर कंपनीचा मालक स्वतः डॉक्टरला गाडीत घालून आणतो. हे मी अभिमानाने सांगतो, आणि थोडे कमी करूनच सांगतो.

मला हे काम कुणी शिकवले नाही. दहावी-बारावी मी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दिली, पदवी मुक्त विद्यापीठाची. या महाविद्यालयात प्रवेश घ्यायला आलो तेव्हा कार्यालयातल्या साहेबांनी ‘पालकांनी बाहेर थांबावे’ असे मला दोनदा सांगितले. दुसऱ्यांदा सांगितले तेव्हा मी माझी गुणपत्रिका टेबलावर ठेवली. त्यांनी ती पाहिली आणि मला खुर्ची दिली. साहेब समोर बसून हसत आहेत. हसा, साहेब. खुर्ची दिलीत, हेही मी सांगितले आहे.

आता कामाचे बोलतो. मॅडमनी मला बोलावून सांगितले, की कटरे, डोळ्यांत पाणी आणायचे काम इतर वक्ते करतील. तुम्ही मागच्या वर्गांतल्या मुलांना अभ्यासाच्या सवयींबद्दल सांगा, आणि तीन वर्षे ताकद कशी पुरवून वापरायची त्याबद्दल सांगा. अध्यक्षांची आज्ञा आहे. आता या विषयावर मोबाइलवर चित्रफितींचा ढीग पडलेला आहे. पहाटे उठा, पाणी प्या, रंगीत पेनांनी रेघा मारा. पाणी पिण्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. रेघांबद्दल आहे. आपल्या वाचनालयातल्या करार कायद्याच्या पुस्तकात अशी पाने आहेत, की जिथे रेघ मारलेली नाही असे एकही वाक्य उरलेले नाही. सगळेच महत्त्वाचे असेल, तर मग महत्त्वाचे काय?

मी उपदेशाची यादी वाचणार नाही. एका मुलीची हकीकत सांगतो. तिची परवानगी घेतलेली आहे. मसुदा तिने वाचला आणि त्यातली दोन वाक्ये कापली. वाक्ये चांगली होती, पण हकीकत तिची आहे. ही आपली स्नेहल, दवनीवाड्याची, तिसऱ्या वर्षाची.

पहिल्या वर्षी आम्हां चौघांचे एक मंडळ जमले. स्नेहल, मुर्रीचा राजदीप, जो वर्गात मागे बसतो आणि पुढच्यांना हसवतो, गोंदिया शहरातली नीतू, जिचे घरचे बोलणे हिंदी आणि उत्तरे मराठीत, आणि मी. तास संपले की वाचनालयाच्या मागच्या व्हरांड्यात आम्ही बसायचो. नीतूच्या हातात पुस्तक. तिने विचारायचे, स्नेहलने सांगायचे. आणि काय सांगायची! कलमामागून कलम. बाजूने जाणारी मुले थांबून ऐकत. मलाही वाटले, ही पहिली येणार.

निकाल लागला. स्नेहलचे दोन विषय राहिले, करार कायदा आणि अपकृत्य कायदा.

इथे नियम सांगणे भाग आहे. पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षात प्रवेश नाही. म्हणजे दुसऱ्या वर्षात बसता येते, पण ते दोन विषय पुढच्या उन्हाळी परीक्षेपर्यंत निघाले नाहीत, तर एक वर्ष घरी. कुणाकुणाला एक वर्ष म्हणजे काही वाटत नाही. स्नेहलच्या घरी तीन वर्षे म्हणजे तीनच वर्षे होती. तिचे वडील हिरालालजी यांनी प्रवेशाच्या वेळीच सांगितले होते, की तीन वर्षे तुला कामाला लाग असे मी म्हणणार नाही, चौथे वर्ष मात्र मागू नको. पाठीमागे धाकटा भाऊ संघदीप आहे, त्याचीही पाळी येईल. चौथे वर्ष लागले तर पुण्याला मामेबहिणीकडे जायचे. ती बहीण एका कारखान्यात पॅकिंगला आहे, तिथे जागा होतीच. हिरालालजी रागाने बोलणारे नाहीत. म्हणूनच ते बोलले की ते बदलत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होते.

तेव्हा पणाला काय लागले होते, ते मागच्या वर्गांनी नीट ध्यानात घ्यावे. गुण नव्हेत. त्या मुलीचे वकील होणे पणाला लागले होते.

दुसऱ्या वर्षी धानाची रोवणी आटोपल्यावर मंडळ पुन्हा बसले. स्नेहल म्हणाली, मागल्या वर्षी आपण दिवसातून एक तास बसत होतो, आता दोन तास बसू. तोच व्हरांडा, तेच पुस्तक, नीतू विचारते, स्नेहल सांगते. आणि एका दिवशी नीतूला खोकला झाला.

यात विशेष ते काय, असे तुम्हाला वाटेल. मला नाही वाटले. नीतूने विचारले, “करार म्हणजे काय? कायद्याने अंमलात...” आणि तिला ढास लागली. स्नेहलही थांबली. नीतू पाणी प्यायली, म्हणाली, “...आणता येतो...” आणि स्नेहल सुरू झाली, “...असा ठराव म्हणजे करार,” आणि पुढचे सगळे धाडधाड. थोड्या वेळाने पुन्हा ढास, पुन्हा स्नेहल गप्प. मित्रहो, माझे अर्धे आयुष्य विंगेत गेले आहे. मला खोकला आला की रंगमंचावरचा राजा कसा थांबतो, कसा मुकुट सारखा करतो, कसा उगाच ‘हं’ म्हणतो, हे मी हंगामात कितीदा पाहतो. मी पुस्तक नीतूच्या हातातून घेतले आणि मिटले.

म्हटले, नीतू, तू प्रॉम्प्टिंग करते आहेस.

नीतूला ते लागले. “काका, मैं तो बस शुरू करके देती हूँ. बाकी तो वही बोलती है ना.”

मी म्हटले, बेटा, मीसुद्धा फक्त सुरूच करून देतो. टाळ्या राजाला मिळतात.

राजदीप लगेच म्हणाला, “मंग परीक्षेच्या हॉलमंदी विंगेत तुमालेच बसवाव लागते, काका.”

यावर सगळे हसले, स्नेहल हसली नाही. तिने दवनीवाड्याच्या मंडईत हौशी नाटकात दोनदा काम केलेले आहे. तिला माझा मुद्दा इतरांच्या आधी कळला. आपल्या भागातली मुले ही चूक सहज करतात, कारण आपल्या कानांना आधाराची सवय आहे. पहिले दोन शब्द कुणी टाकले की पुढचे आपल्याला येतात, आणि येतात म्हणजे ते आपलेच, असे वाटते. पहिले दोन शब्द ज्याला येत नाहीत, त्याला ते उत्तर येत नाही. प्रश्नपत्रिका पहिले दोन शब्द देत नाही. कोर्टही देत नाही, हे बिसेन साहेब जास्त चांगले सांगतील.

मग पद्धत बदलली. पुस्तक बंद. समोर कोरा कागद. विषय फक्त एका शब्दात: ‘संमती’, ‘प्रतिफल’, ‘निष्काळजीपणा’. जे येते ते लिहायचे, संपले की थांबायचे, मगच पुस्तक उघडायचे आणि काय सुटले ते पाहायचे. पहिल्या दिवशी स्नेहलचा कागद चार ओळींत संपला. जी मुलगी दहा मिनिटे न थांबता बोलायची, तिच्या चार ओळी. तिने कागद पालथा घातला. नीतूला तर याहून जड गेले, कारण तिला गप्प बसायचे होते. तिने ओढणीचा बोळा तोंडावर धरला होता. मी अतिशयोक्ती करत नाही.

कागद भरू लागले, तसे राजदीपला आम्ही पक्षकार केले. ज्याला कायदा येत नाही, आणि जो समजल्याशिवाय फी देणार नाही, असा पक्षकार. स्नेहलने समजावायचे आणि त्याने दर वाक्याला कारण विचारायचे, “काऊन?” हे काम त्याला जन्मतःच जमते. एकदा त्याने एकाच कलमावर इतक्या वेळा ‘काऊन’ विचारले, की स्नेहल म्हणाली, अशा पक्षकाराचे वकीलपत्र मी परत करते. पण त्या कलमावर तिला पुन्हा कधी अडलेले मी पाहिले नाही.

इथे हकीकत संपली असती तर माझे भाषणही आटोपशीर झाले असते. पण अभ्यासाची सवय सुधारली म्हणजे माणूस लगेच शहाणा होतो असे नाही. पद्धत सापडली, तशी स्नेहलने ती रगडायला सुरुवात केली. जेवताना कागद, बसमध्ये कागद. धान कापणीला घरी गेली तर शेतात बांधीच्या धुऱ्यावर कागद. धड कापणी नाही, धड अभ्यास नाही. आणि पूर्वपरीक्षेत तिने काय केले? पाच प्रश्न सोडवायचे होते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिने असे लिहिले, की ते पुस्तकात छापावे. दुसरेही तसेच. तिसऱ्यात अक्षर लंगडू लागले. चौथे अर्धे. पाचव्याला हात लागला नाही.

माझ्या ओळखीत केवलराम नावाचे एक नट आहेत. राजाच्या भूमिकेत त्यांच्यासारखा आवाज झाडीपट्टीत दुसरा नाही, आणि पहिल्या अंकात तो आवाज ते सगळाच्या सगळा देऊन टाकायचे. लोक खूश. पण आपले नाटक तीन अंकांचे असते, आणि राजा मरतो तिसऱ्या अंकात. एका गावात मरणाचे भाषण सुरू झाले आणि घशातून नुसती हवा. मी विंगेतून वाक्ये देतो आहे, ती ऐकू येत आहेत, त्यांच्याकडून काही बाहेर पडत नाही. समोरून एक आजोबा ओरडले, “राजा, तू मर गा चुपचाप, आमाले समजलं.” केवलराम आजही काम करतात, आणि आता पहिल्या अंकात इतके हळू बोलतात, की मागच्या रांगेला पुढे सरकावे लागते. तेही लोकांना आवडते.

हे मी स्नेहलला सांगितले. ती म्हणाली, “काका, त्यांना शेवटचं भाषण एकच होतं. मला सात आहेत.”

खरे होते. त्या उन्हाळ्यात तिच्यापुढे सात पेपर होते. दुसऱ्या वर्षाचे त्या सत्रातले पाच आणि पहिल्या वर्षाचे राहिलेले दोन, जे तयारी नाही म्हणून तिने हिवाळ्यात भरले नव्हते. परीक्षेचा अर्ज भरण्याचे दिवस आले, आणि एका सकाळी तिने मंडळाला सांगितले, की मी सहाच भरणार. प्रशासकीय कायदा सोडणार. तो दुसऱ्या वर्षाचा आहे, मागे राहिला तरी तिसऱ्या वर्षाचे दार अडत नाही. हिवाळी परीक्षेत देईन.

आम्ही तिघेही विरोधात. नीतूचे म्हणणे, की फॉर्म तो भर दे, बैठना न बैठना बाद में देखेंगे. राजदीप म्हणाला, पासापुरते गुण तर झोपेतही पडतात. आणि मी? संहितेतले पान सोडून पुढे वाचणारा प्रॉम्प्टर मी आजवर पाहिलेला नाही. मी तिला तसे स्पष्ट सांगितले. तिने ऐकून घेतले, आणि म्हणाली, की भरला तर मी त्याचा अभ्यास करत बसेन, मला माहीत आहे मी कशी आहे.

ही गोष्ट हिरालालजींच्या कानावर गेली. कशी गेली ते शोधण्यात अर्थ नाही. दवनीवाडा आणि गोंदिया यांच्यात बस चालते आणि बसमध्ये माणसे बोलतात. दुसऱ्या दिवशी ते महाविद्यालयात आले. पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा. व्हरांड्याच्या पायरीवर बसले. खुर्ची दिली तर नको म्हणाले. आम्हां तिघांना उठू दिले नाही, बसा म्हणाले.

मग मुलीला विचारले, “सात व्हते ना? सहा काऊन?”

स्नेहल म्हणाली, “बाबा, सातही धरले तर मी सातांतही अर्धीच राहीन.”

“आज एक सोडजो. उद्या दुसरा सोडजो.”

“नाही.”

“कायवरून?”

शपथ घ्यायची ती मुलगी नाही आणि शपथ ऐकून घ्यायचा तो बाप नाही. मी मध्ये बोलायला तोंड उघडले, तर हिरालालजी माझ्याकडे वळले. “भाऊ, तुमी लोकांच्या तोंडात बोल टाकता, असं मी आयकलो हाय. आज नोका टाकू.” मी तोंड बंद केले. नाटकाबाहेर मला कुणी असे पहिल्यांदाच सांगत होते.

मग त्यांनी तिला विचारले, “मी बजारातून बैल घेतलो. इकणाऱ्याले मालूम व्हतं का बैल मारते. तो काई बोललाच नाई. ही फसवनूक झाली का नाई?”

कलम आम्हां तिघांना येत होते. नीतूचे ओठ हलू लागले आणि तिने ते चावले.

स्नेहल म्हणाली, “नुसता गप्प राहिला म्हणून फसवणूक होत नाही, बाबा. माल पाहून घेणं घेणाऱ्याकडं असतं. पण तुम्ही त्याला म्हटलं असतं, की तू काही बोलला नाहीस तर बैल गरीब आहे असं मी समजतो, आणि तरी तो गप्प राहिला, तर ते गप्प राहणं बोलण्यासारखंच. मग फसवणूक.”

“मंग पैसे वापस?”

“करार रद्द करता येतो. पण तुम्ही स्वतः जरा पाहिलं असतं तर कळलं असतं, असं असेल तर नाही.”

हिरालालजी गालातल्या गालात हसले. तसा एखादा बैल त्यांनी घेतलेला असावा, असा माझा अंदाज आहे; विचारलेले नाही. पुढचा प्रश्न त्यांनी हळू टाकला. “अन् मधात दलाल असन तं? इकणाऱ्याले मालूम नाई, दलालाले मालूम हाय?”

आम्ही स्नेहलकडे पाहत होतो. मी त्या दिवशी मनातल्या मनात जेवढ्या जोरात प्रॉम्प्टिंग केले, तेवढे कुठल्या मंडईत केलेले नाही.

ती म्हणाली, “हे मला येत नाही, बाबा. दलालाचा भाग वेगळा आहे. उद्या पाहून सांगते.”

राजदीपने कपाळाला हात लावला. मलाही वाटले, की संपले. हिरालालजी उठले, दुपट्टा झटकला.

“सोड तो एक,” ते म्हणाले. “बाकीचे देजो.”

आणि निघाले. गेटपर्यंत पोचवायला मी गेलो. मी त्यांना विचारले, की शेवटचे तर तिला आले नाही, मग? ते म्हणाले, “घोकलेली पोरगी काईतरी बोलून टाकली असती, भाऊ.” एवढेच. मी तीन वर्षे इथल्या विद्वान प्राध्यापकांची व्याख्याने लिहून घेतलेली आहेत, ती माझ्याजवळ आहेत, मला त्यांचा आदर आहे. त्यांच्याच बाजूला हे वाक्य मी ठेवतो.

उरलेल्या दिवसांत स्नेहल ठरलेल्या वेळी बसायची आणि ठरलेल्या वेळी उठायची. उठायची वेळ झाली की वाक्य अर्धे असले तरी उठायची. ‘उद्या कुठून सुरू करायचं ते मला कळतं,’ असे तिचे म्हणणे. मला ते आजही पटत नाही. मी वाक्य पुरे करूनच उठतो. पण सराव पेपरात तिने प्रत्येक उत्तराची वेळ बांधली, वेळ संपली की रेघ मारून पुढचे उत्तर सुरू. पहिली दोन उत्तरे पुस्तकात छापण्यासारखी राहिली नाहीत. पाचवे मात्र लिहून होऊ लागले.

उन्हाळी परीक्षेत सहा पेपर दिले. सहाही निघाले. करार कायद्यात मंडळात सर्वांत जास्त गुण तिचे, माझ्यापेक्षा चार जास्त. माझी उत्तरे जास्त अचूक होती, असे माझे मत आहे आणि ते मी बदललेले नाही, पण तपासणारा मी नव्हतो. तिसऱ्या वर्षाचे दार उघडले.

आता मागच्या वर्गांतली मुले म्हणतील, चला, बरे झाले, गोष्ट गोड झाली. थोडे थांबा. सोडलेला पेपर तिने ठरल्याप्रमाणे हिवाळ्यात दिला. त्यात ती नापास झाली.

हे वाक्य मसुद्यात नव्हते. तिने घालायला लावले. म्हणाली, काका, हे नाही सांगितलं तर पहिल्या वर्षाची पोरं उद्या चार पेपर सोडून बसतील आणि तुमचं नाव सांगतील.

निकाल मोबाइलवर लागला तेव्हा ती घरी होती. आम्ही कुणी तिथे नव्हतो. पुढचे मी तिच्याकडून ऐकले तसे सांगतो. वडील अंगणात दोर वळत होते. तिने कुणी विचारायच्या आत जाऊन सांगितले. त्यांनी विचारले, गुण कुठे गेले? तिने सांगितले, की एका प्रश्नात. विधिमंडळ आपला कायदा करण्याचा अधिकार सरकारी खात्याकडे सोपवते, त्याला मर्यादा काय, यावर. म्हणाली, तो भाग मला समजला आहे असे वाटत होते. कोऱ्या कागदावर मी तो एकदाही लिहून पाहिला नव्हता. बाकीचे चार जेमतेम होते.

ते दोर वळत राहिले. मग म्हणाले, “आता?”

“उन्हाळ्यात. शेवटच्या पाचांसोबत.”

“अन् तवाबी नाई निघाला तं?”

स्नेहल म्हणाली, “तर तीन वर्षं संपतील, बाबा.”

हिरालालजींनी दोराचे टोक पायाखाली दाबले आणि तिच्याकडे पाहिले. ते जे बोलले ते मी त्यांच्याच शब्दांत सांगतो, कारण माझ्या मराठीत ते नीट बसत नाही. “तीन वरसं मी सांगतलो होतो, कारन तवा तुले का येते अन् का येत नाई, हे तुलेच मालूम नोहोतं. आता मालूम हाय. मंग मी कायले वरसं मोजून राहू? संघदीपचं मी पाहीन. तू आपला कागद लिव.”

पुण्याच्या बहिणीला त्याच आठवड्यात कळवले गेले, की जागा दुसऱ्या कुणाला द्यावी.

माझ्या विद्यार्थी मित्रहो, मॅडमनी सांगितलेला विषय इथे पूर्ण होतो, असे मी समजतो. कोऱ्या कागदावर लिहून पाहा. काऊन विचारणारा एक मित्र जवळ ठेवा. उठायच्या वेळी उठा. आणि कुणी विचारले की तुला काय येत नाही, तर नेमके सांगता आले पाहिजे. ते नेमके सांगता येणे हाच अभ्यास झाल्याचा पुरावा, असे मी या महाविद्यालयातून शिकून चाललो आहे. मी जे काही शिकलो ते एकट्याने शिकलो, असे मी इतकी वर्षे सांगत आलो. ही तीन वर्षे त्यातून वगळावी लागतील.

आता आभार. अध्यक्षा मॅडमचे, कारण विंगेतल्या माणसाला त्यांनी माइकसमोर उभे केले. बिसेन साहेबांचे, कारण माझे भाषण सुरू असताना त्यांनी एकदाही घड्याळ पाहिले नाही. पाहिले असेल तर मला दिसू दिले नाही. सर्व प्राध्यापकांचे, वाचनालयातल्या ताईंचे, ज्यांनी मागच्या व्हरांड्यातला आमचा गोंधळ सहन केला. नीतूचे आणि राजदीपचे, ज्यांची काही वाक्ये मी त्यांना न विचारता सांगितली. हिरालालजी आज आलेले नाहीत, त्यांचा उन्हाळी धान कापणीला आला आहे. त्यांचे आभार मी दवनीवाड्याला जाऊन मानेन. बोलताना एखादे नाव मागेपुढे झाले असेल, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, किंवा कलमाचा अर्थ सांगताना माझ्याकडून ढिलाई झाली असेल, तर ती माझी चूक समजून पोटात घालावी; कलमाबद्दलची चूक मात्र कार्यक्रम संपल्यावर मला दाखवावी, मी ती दुरुस्त करून घेईन.

परीक्षा पुढल्या आठवड्यात सुरू होते. माझे पाच पेपर आहेत, स्नेहलचे सहा. वर्षे मोजणारे आता कुणी नाही, तरी या वेळी ती एकही न सोडता सहाही देणार आहे. का, ते तिने मला सांगितले नाही, आणि मी विचारलेले नाही.

जय हिंद, जय महाराष्ट्र.